चंदेरी रंगाची बाजू: कोस्ट गार्ड ऑक्झिलरीचा युनिफॉर्म, सहा हंगाम घातल्यावर

ऑक्झिलरीत नवीन आलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या मीटिंगला हळूच विचारतो, "युनिफॉर्म मिळतो ना?" मिळत नाही. टोपीपासून बुटाच्या नाडीपर्यंत सगळं स्वतःच्या पैशाने घ्यावं लागतं. मीही हाच प्रश्न विचारला होता आणि हेच उत्तर ऐकून थोडी खट्टू झाले होते. आज सहा हंगामांनंतर मला ती पद्धत योग्य वाटते. पण त्या वेळी कुणीतरी बाजूला बसवून काय घे, काय घेऊ नकोस, कुठे बघून घे हे सांगितलं असतं तर माझे पैसे वाचले असते. एक दिवस जी मान खाली गेली, तीही गेली नसती. म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युनायटेड स्टेट्स कोस्ट गार्ड ऑक्झिलरी ही अमेरिकेच्या कोस्ट गार्डची स्वयंसेवकांची शाखा. जून १९३९ मध्ये काँग्रेसने ती स्थापन केली, तेव्हा तिचं नाव रिझर्व्ह, म्हणजे राखीव दल, असं होतं. फेब्रुवारी १९४१ मध्ये खरी लष्करी रिझर्व्ह वेगळी झाली आणि आम्हाला ऑक्झिलरी हे नाव मिळालं. पगार नाही, शस्त्र नाही, कुणाला अटक करण्याचा अधिकार नाही. आम्ही लोकांच्या बोटींची सुरक्षा तपासणी करतो, बोट चालवण्याचे वर्ग घेतो, आपापल्या बोटी घेऊन गस्तीला जातो, जत्रेत आणि मरीनावर टेबल मांडून लाइफ जॅकेटबद्दल सांगतो. नागरिकत्व हवं, पार्श्वभूमीची तपासणी होते, परीक्षा द्यावी लागते. स्थानिक गटाला फ्लोटिला म्हणतात. माझी फ्लोटिला न्यू जर्सीत, बार्नेगट बेच्या काठाला आहे.

मी दिवसा हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळ आलं, तेव्हा आमच्या गावात बोटी रस्त्यावर, लोकांच्या अंगणात येऊन आडव्या पडल्या होत्या. मी वेंगुर्ल्याची, वडील मचव्यावर तांडेल होते. बोट अशी जमिनीवर, कुशीवर पडलेली बघणं मला घरातलं माणूस पडल्यासारखं होतं. तेव्हाच मनात आलं होतं की इथल्या पाण्यासाठी काहीतरी करायचं. नागरिकत्व मिळायला आणि धीर गोळा व्हायला पाच वर्षं गेली. २०१७ मध्ये दाखल झाले.

आता मुद्द्याचं.

पहिला घ्यावा तो ओडीयू, म्हणजे ऑपरेशनल ड्रेस युनिफॉर्म. गडद निळा, जाड विणीचा, कामाचा पोशाख. वर निळा टी-शर्ट, त्यावर बटणांचा शर्ट, बऱ्याच खिशांची पँट, काळे उंच बूट, निळी टोपी. आमच्यातले काही जण आधी ट्रॉपिकल ब्लू, म्हणजे फिकट निळ्या शर्टाचा पोशाख, घेतात, कारण तो फोटोत छान दिसतो. माझं मत स्पष्ट आहे: वर्षभर ओडीयूमध्ये काम करा, मग दुसरा घ्या. नव्या सदस्याचं नव्वद टक्के काम रॅम्पवर, म्हणजे बोटी पाण्यात सोडायच्या उतारावर, इंजिनाच्या झाकणात डोकं घालून किंवा खुर्च्या-टेबलं उचलण्यात जातं. फिकट निळ्या शर्टाचं तिथे एका सकाळीत वाटोळं होतं.

कोस्ट गार्डचं युनिफॉर्म डिस्ट्रिब्यूशन सेंटर आमच्याच राज्यात, वुडबाइनला आहे आणि देशभरातले सदस्य तिथून पोस्टाने मागवतात. मीही मागवते. पण पहिली खरेदी मी केप मेला जाऊन केली आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी तसंच करावं असं मी आग्रहाने सांगेन. केप मेला कोस्ट गार्डचं प्रशिक्षण केंद्र आहे. देशभरात भरती झालेला प्रत्येक साधा जवान आठ आठवडे तिथेच घडतो. तिथल्या एक्स्चेंजमध्ये, म्हणजे केंद्राच्या आतल्या दुकानात, कपडे अंगाला लावून बघता येतात. ओळखपत्र बरोबर ठेवायचं, फाटकावर विचारतात.

लावून बघणं का महत्त्वाचं? कारण ओडीयूचं माप आपल्या रोजच्या पँटच्या मापासारखं चालत नाही. मी घरी टेपने कंबर मोजून आकडा लिहून नेला होता. तो आकडा तिथे उपयोगी पडलाच नाही. कंबरेला बसणारी पँट नितंबावर ताणत होती, नितंबावर बसणारी कंबरेला हातभर सैल. शेवटी मोठी घेतली आणि कंबर आत घेऊन शिवून घेतली. बायकांना माझा हाच सल्ला आहे. पँट बसून बघा, उकिडवं बसून बघा, एक पाय खुर्चीवर ठेवून बघा. तुम्ही त्यात एका डुगडुगणाऱ्या बोटीतून दुसरीत पाय टाकणार आहात. आरशापुढे ताठ उभं राहून छान दिसणारी पँट तिथे दगा देते. शर्टाचे हात वर करून बघा. धक्क्यावरून दोर पकडायला हात पुढे केला की पाठीत ओढ बसता कामा नये.

त्या दिवशी दुकानात गर्दी होती. नव्या तुकडीचा दीक्षांत समारंभ नुकताच आटोपला होता आणि कोवळी पोरं-पोरी आईवडिलांना घेऊन दुकानात हिंडत होती. माझ्या शेजारी एक मुलगी उभी होती, अठरा-एकोणीसची असेल. तिची आई तिच्या बाहीवरून सारखा हात फिरवत होती, कापड किती चांगलं आहे हे बघत असल्यासारखी, पण तिला कापड बघायचं नव्हतं हे कुणालाही कळलं असतं. मी हातात माझी पँट घेऊन तशीच उभी राहिले. त्या मुलीने तो पोशाख आठ आठवडे पहाटे उठून, ओरडा खाऊन मिळवला होता. मी कार्ड पुढे करून घेणार होते. दोन्ही कापड लांबून सारखंच दिसतं. मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं की या कपड्याबरोबर मी काहीतरी उसनं घेते आहे आणि ते नीट वापरायचं आहे.

आमच्या नियमपुस्तकात, म्हणजे ऑक्झिलरी मॅन्युअलमध्ये, युनिफॉर्मसाठी अख्खं प्रकरण आहे. नवीन माणसाला ते वाचताना कंटाळा येतो. पट्टी कुठे, बिल्ला किती अंतरावर, कोणत्या बुटाबरोबर कोणते मोजे. पण सगळ्या नियमांच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. आमचा पोशाख जवळजवळ कोस्ट गार्डचाच आहे आणि तो जो "जवळजवळ" आहे, तोच राखायचा आहे. अधिकाऱ्यांच्या बाहीवर सोनेरी फीत असते, आमच्या चंदेरी. त्यांची बटणं सोनेरी, आमची चंदेरी. आमच्या छातीवरच्या पट्टीवर "यूएससीजी ऑक्झिलरी" असं लिहिलेलं असतं. हुद्द्याच्या खुणांवर ए हे अक्षर असतं आणि नेमणुकीने काम बघणाऱ्यांचं ते अक्षर लाल असतं. फ्लोटिला कमांडरच्या कॉलरवर लेफ्टनंटसारखे दोन जोडपट्टे असतात, पण त्याला कुणी लेफ्टनंट म्हणत नाही, कारण तो हुद्दा नव्हे, ती निवडून मिळालेली जबाबदारी. मुदत संपली की दुसरा त्या जागी येतो.

हे सगळं मी वाचलं होतं. तरी चुकले.

नावाच्या पट्ट्या मी एका ऑनलाइन दुकानातून मागवल्या. नाव नाही घेत. तिथे "ऑक्झिलरी सेट" असं लिहिलेलं होतं, किंमत कमी होती, चार दिवसांत घरी येणार होता. पाकीट आलं, मी वरवर बघितलं, माझ्या आडनावाचं स्पेलिंग बरोबर आहे ना एवढंच तपासलं. आमचं आडनाव इथे नेहमी चुकतं, म्हणून माझं सगळं लक्ष तिकडे. कपडे आणि पाकीट जवळच्या शिलाईच्या दुकानात देऊन आले. परत मिळाले तेव्हा डावीकडची पट्टी जरा तिरकी होती, त्याचं वाईट वाटलं, पण वेळ नव्हता. शनिवारी सकाळी सहा वाजता घालून निघाले. निघण्यापूर्वी वेंगुर्ल्याला व्हिडिओ कॉल लावला. आईने डोळ्यांजवळ फोन धरून बघितलं आणि म्हणाली, "पोलीस झालंस काय गो?" मी म्हटलं, नाही गं आई, पोलीस नाही, मदतीला असतो आम्ही. तिला पटलं की नाही कोण जाणे, पण बराच वेळ बघत राहिली.

रॅम्पवर पोहोचले. आमच्यातले एक ज्येष्ठ सदस्य, तीस-एक वर्षं ऑक्झिलरीत काढलेले, माझ्याकडे चालत आले, गुड मॉर्निंग म्हणाले आणि तसंच बोलत बोलत मला त्यांच्या गाडीमागे घेऊन गेले. तिथे गेल्यावर म्हणाले, "शर्ट काढून ठेव. टी-शर्टवर काम कर आज." मला कळेना. त्यांनी माझ्या छातीवर बोट दाखवलं. पट्टीवर "यू.एस. कोस्ट गार्ड" एवढंच होतं. ऑक्झिलरी हा शब्दच नव्हता. ती जवानांची पट्टी होती.

मी आरशात ती किती वेळा वाचली असेल! दर वेळी डोळ्यांनी वाचली आणि मनाने पुढचा शब्द भरून घेतला. ते गृहस्थ रागावले नाहीत, चारचौघांत काही बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. फक्त म्हणाले, की समोरचा माणूस ही पट्टी वाचून तू कोण आहेस हे ठरवतो, त्याला दुसरा मार्ग नाही. त्या दुकानाला मी दोनदा लिहिलं. पैसे परत मिळाले नाहीत, चुकीची पट्टीही बदलून मिळाली नाही.

त्याच सकाळी त्यांचं म्हणणं माझ्यासमोर खरं झालं. एक गृहस्थ छोटी बोट ट्रेलरवर घेऊन आले. आम्हा निळ्या कपड्यांना बघितल्याबरोबर त्यांनी गाडीचा वेग कमी केला, मग काच खाली करून विचारलं, "मला दंड होणार का?" माझ्या सहकाऱ्याने स्वतःच्या छातीवरच्या शब्दावर बोट ठेवलं आणि सांगितलं, आम्ही स्वयंसेवक आहोत, तपासणी फुकट आहे, काही कमी निघालं तर फक्त तुम्हालाच सांगू, कुठेही कळवणार नाही. त्या माणसाचे खांदे खाली आले. त्याने बोट उघडून दाखवली. लाइफ जॅकेट पुरेशी होती, पण संकटात पेटवून इशारा द्यायच्या फ्लेअर्सची मुदत कधीच संपलेली होती आणि एक दिवा लागत नव्हता. त्याने तिथेच वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या शनिवारी नवीन फ्लेअर्स घेऊन स्वतःहून परत आला. तपासणीत पास झाल्याचा स्टिकर लावून घेऊन गेला. पोलीस समजून तो रॅम्पवरून परत फिरला असता तर त्याच जुन्या फ्लेअर्स घेऊन समुद्रात गेला असता. एका शब्दाचं एवढं काम आहे.

त्या रात्री मी पट्टी उसवली. शिलाईच्या दुकानात पुन्हा दिली नाही. आईने लहानपणी शिकवलेलं होतं तसं गडद निळा दोरा घेऊन, दोन्ही टोकं आत दुमडून, बारीक टाक्यांनी नवी पट्टी हाताने शिवली. खिशाच्या वरच्या कडेला अगदी लागून. तेव्हापासून सगळ्या पट्ट्या मीच शिवते आणि फ्लोटिलातल्या चार-पाच जणांच्याही शिवून दिल्या आहेत. मशीनवर शिवायच्या असतील तर आधी कच्चा टाका घाला, नाहीतर पट्टी टिपेखाली सरकते आणि तिरकी बसते. बिल्ले आणि पट्ट्या ऑक्झिलरीच्या स्वतःच्या स्टोअरमधून घ्या. चार डॉलर जास्त जातील, जाऊ देत.

ओडीयूचं कापड म्हणाल तर मी खूश आहे. न चुरगळणारं आहे, धुऊन हँगरला लावलं की इस्त्री जवळजवळ लागत नाही. बारीकसारीक तेलाचा डाग गडद रंगात खपून जातो. २०२२ पासून बोटीतल्या डिस्पोजेबल अग्निशामकांना उत्पादनापासून बारा वर्षांची मुदत लागू झाली, तेव्हापासून आम्ही प्रत्येक बोटीत वाकून नळकांड्याच्या बुडाचा आकडा वाचतो. गुडघे टेकणं तर त्याआधीही होतंच. माझ्या पहिल्या पँटचा उजवा गुडघा तिसऱ्या हंगामात पांढुरका पडला. पण शिवण कुठेही उसवली नाही. तक्रार आहे ती उन्हाळ्याची. जुलैत, वारा पडलेल्या दुपारी, डांबरी रॅम्पवर हे कापड अंगाला चिकटतं आणि सुटत नाही. दोन निळे टी-शर्ट जास्तीचे गाडीत ठेवा आणि पाणी प्या. बाकी यावर उपाय नाही.

बुटांवर मात्र पैसे वाचवू नका. पहिले मी स्वस्त घेतले, टाच सोलून निघाली. दुसरे चांगल्या चामड्याचे घेतले, महिनाभर संध्याकाळी घरात घालून फिरले आणि मग कामाला नेले. पँटचं टोक बुटात खोचल्यासारखं दिसण्यासाठी आतून इलॅस्टिकचा पट्टा लावतात, तो फार घट्ट लावू नका, पोटरीवर वळ उठतात. बोटीवर जाताना हे बूट नकोतच. तिथे डाग न पाडणाऱ्या तळव्याचे डेक शूज. पाण्यात पडलात तर उंच बूट काय करतात हे मला वडिलांनी सांगायची गरज नव्हती, मी बंदरावर वाढले आहे.

आणि बोटीवर गेल्यावर एक गोष्ट कळते, जी दुकानात कुणी सांगत नाही. अंगावर लाइफ जॅकेट चढलं की छातीवरचे दोन्ही खिसे झाकले जातात. पट्टी झाकली जाते, नाव झाकलं जातं. पेन, चष्मा, फोन, जे जे तुम्ही छातीच्या खिशात ठेवलं असेल ते गेलं. मांडीच्या खिशात ठेवायची सवय लावा. एप्रिल-मेमध्ये तर प्रश्नच वेगळा. बाहेर ऊन छान असतं, लोक हाफ पँटमध्ये फिरत असतात, पण पाणी अजून हिवाळ्यातलंच असतं. साठ अंश फॅरेनहाइटच्या खाली पाणी असेल तर आम्ही अंगभर नारिंगी, जाड, तरंगणारा कव्हरऑल घालतो. त्यात माणूस अवघडतो, घाम येतो, शौचाला जायचं म्हणजे मोठं काम. तरी मी त्याबद्दल एक शब्द वाकडा बोलणार नाही. थंड पाण्यात बोटं किती लवकर काम करणं सोडतात हे प्रशिक्षणात शिकवतात, आणि एकदा मे महिन्यात हात कोपरापर्यंत बुडवून दोराची गाठ सोडवायचा प्रसंग आला तेव्हा मला ते पटलं. गाठ सुटली नाही. दोर कापावा लागला.

दुसरा युनिफॉर्म ट्रॉपिकल ब्लू. फिकट निळा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्यावर पट्टे, गडद निळी पँट, चकचकीत काळे बूट. हा मी दुसऱ्या वर्षी घेतला, जेव्हा वर्ग घ्यायला लागले आणि मे महिन्यातल्या सेफ बोटिंग वीकला टेबलावर बसायची पाळी आली. यात नीटनेटकेपणा लपत नाही आणि अजागळपणाही लपत नाही. शर्टाची बटणपट्टी, बकलची कड आणि पँटच्या चेनची पट्टी एका सरळ रेषेत यायला हवी. इथे तिला गिग लाइन म्हणतात. उभं असताना येते, खुर्चीवर बसून उठलं की गेली. त्यासाठी शर्टाच्या दोन्ही बाजूंचं जास्तीचं कापड मागे दुमडून खोचायचं, मिलिटरी टक म्हणतात त्याला, आणि हवं तर शर्टाच्या टोकापासून मोज्यापर्यंत इलॅस्टिकचे पट्टे लावायचे. मला पट्टे टोचतात, मी दुमडून भागवते. कॉलर उघडी असते, म्हणून आतली बनियन व्ही गळ्याची हवी, गोल गळ्याची कड बाहेर दिसते.

शर्ट पातळ आहे. कापड बरं आहे, पण दोन धुण्यांत काखेत पिवळट होतो, त्यामुळे दोन शर्ट घ्यावेत आणि आलटून पालटून वापरावेत. पँट छान पडते. बूट चकचकीत वरच्या थराचे, पॉलिश लागत नाही, फक्त ओल्या फडक्याने पुसायचे. पण त्यांत पाय श्वास घेत नाही, हेही सांगून ठेवते. तीन तास वर्गात उभं राहिल्यावर मला गाडीत चपला लागतात.

या पोशाखाबद्दल मला जे वाटतं ते ओडीयूपेक्षा वेगळं आहे. ओडीयू घातला की मी कामाला लागते. ट्रॉपिकल ब्लू घातला की लोक माझ्याशी बोलायला येतात. आयाबाया लहान मुलांना घेऊन येतात, हिच्या मापाचं लाइफ जॅकेट कसं निवडायचं विचारतात. माझ्या इंग्रजीच्या उच्चाराकडे एरवी दुकानात कुणी कपाळाला आठी घालून बघतं, इथे तसं होत नाही. एकदा एक देशी कुटुंब आलं, आजी बरोबर होत्या, त्यांनी माझी नावाची पट्टी वाचली आणि मराठीत विचारलं, "तुम्ही आपल्या इकडच्या का हो?" त्यांच्या नातवाला पोहता येत होतं म्हणून जॅकेट नको असं त्यांच्या मुलाचं म्हणणं होतं. मी त्या आजींना मराठीत सांगितलं, पोहणाऱ्यालाही डोक्याला मार लागला तर शुद्ध जाते, मग पोहणं कुठलं. त्यांनी मुलाकडे नुसतं बघितलं. नातवाला जॅकेट चढलं.

मागच्या वर्षी माझी पाच वर्षं भरली आणि सदस्यत्वाची रिबन मिळाली. रंगीत कापडाचा बोटभर तुकडा, डाव्या खिशाच्या वर लावायचा. रिबनांचा क्रम ठरलेला असतो. ज्यांनी पूर्वी सैन्यात नोकरी केली आहे त्यांच्या छातीवर तिकडच्याही असतात. मला माझी एकटी पुरते.

खर्चाचं सांगायचं तर पहिल्या वर्षी ओडीयू, दोन टी-शर्ट, टोपी, पट्ट्या आणि दोनदा घेतलेले बूट धरून माझे साडेतीनशे डॉलरच्या आसपास गेले. त्यातले शंभर तरी चुकांचे होते. पावत्या जपून ठेवा. रोजच्या वापरात घालता येत नाही असा, सेवेसाठी लागणारा युनिफॉर्म आणि त्याची देखभाल हा खर्च टॅक्स रिटर्नमध्ये देणगीसारखा धरता येतो, अर्थात त्या वर्षीच्या नियमांत बसत असेल तरच. आमच्या घरी नवरा रिटर्न भरतो, त्याने पहिल्या वर्षी माझ्याकडे धोब्याच्या पावत्यासुद्धा मागितल्या आणि मी त्या फेकून दिल्या होत्या.

काय घेऊ नये तेही सांगते. कोट आणि सोहळ्याचे पोशाख पहिली तीन वर्षं अजिबात नकोत. मी एक समारंभाची टोपी हौसेने घेतली, ती दोनदा डोक्यावर चढली. जबाबदारी मिळण्यापूर्वी तिचे बिल्ले घेऊन ठेवू नका, पद बदललं की ते ड्रॉवरमध्ये पडून राहतात. आणि ज्यांना लष्करी वळणाचा पोशाख अंगावर घालणं मनातून पटत नाही, त्यांनी संकोच करू नये. कार्यक्रमांसाठी निळ्या ब्लेझरचा पोशाख चालतो. आमच्या फ्लोटिलात एक बाई तोच घालतात आणि नॅव्हिगेशन शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

सगळ्यात चांगली खरेदी विचाराल तर ती दुकानातली नाहीच. आमच्या मीटिंगच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. कुणी सोडून गेलं, कुणाचं वजन बदललं, कुणी वारलं, की त्यांचे कपडे धुऊन तिथे येतात. पट्ट्या काढलेल्या असतात, जागा थोड्या गडद दिसतात. माझा हिवाळी निळा जाड कोट तिथलाच आहे. तो ज्यांचा होता त्यांच्या पत्नीने स्वतः आणून दिला, खिशात त्यांची जुनी शिट्टी राहिली होती. मी ती परत द्यायला गेले तर त्या म्हणाल्या, कोटाबरोबर राहू दे. तेव्हापासून ती त्याच खिशात आहे आणि गस्तीवर दोनदा वाजवली आहे, दोन्ही वेळा धुक्यात.

माझी गुडघा पांढरा पडलेली पहिली पँट या रविवारी मी त्या कपाटात ठेवली. मोठं माप, कंबर आत घेतलेली, पण जास्तीचं कापड आत तसंच ठेवलं आहे, उसवलं की दोन इंच सुटतं. कंबरपट्टीला आत चिठ्ठी टाचली आहे, त्यावर माप लिहिलं आहे. पुढच्या महिन्यात दोन नव्या मुली येणार आहेत. एकीला ती बसेल असं वाटतं.